मन्मथअप्पांची मापटी

आमच्या कॉलेजात सगळ्यांत जास्त शिकलेला माणूस कोण, असं कोणी विचारलं तर प्राचार्यांचं नाव सांगायची पद्धत आहे. पद्धत चांगली आहे, मीही ती पाळतो. पण खरं बोलायची वेळ आली तर मला मन्मथअप्पांचं नाव घ्यावं लागेल, आणि अप्पा आमच्याकडे शिपाई होते. तेही कायम नव्हे, हंगामी. अठरा वर्षं हंगामी. इतका लांब हंगाम आमच्या मानवतच्या कापूस बाजारानंही कधी पाहिलेला नाही.

पूर्ण नाव मन्मथ सांबप्पा हालगे. गाव झरी. मानवतला एक खोली घेऊन राहायचे, शनिवारी दुपारी परभणीमार्गे झरीला जायचे आणि सोमवारी पहिल्या एसटीनं परत हजर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात लिंग आणि खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. शिपायाला दोन पेनं कशाला, असं मी एकदा विचारलं.

"निळं लिव्हायला."

"आणि लाल?"

"चुकलं तर. आपलं आपणच तपासावं सर, दुसऱ्याला तकलीफ काऊन द्यायची?"

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे ज्याच्याकडे पुस्तकं सोडून बाकी सगळ्या कामांसाठी लोक येतात. कॉलेजात धड चालणारं इंटरनेट फक्त ग्रंथालयात होतं, चार संगणक होते आणि खिडकीशी एक पंखा होता. त्यामुळे अप्पांचं सगळं शिक्षण माझ्या डोळ्यांसमोर झालं. माझे डोळे बहुतेक वेळा वर्तमानपत्रात असायचे, हा भाग वेगळा.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे छोट्या अभ्यासक्रमांचं वारं आलं. लांबलचक पदवी नको, एकच कसब घ्यायचं, चार-सहा आठवडे संगणकावर व्हिडिओ बघायचे, शेवटी परीक्षा द्यायची आणि पास झालं की तेवढ्या एका कसबाचं प्रमाणपत्र घ्यायचं. सरकारी भाषेत त्याला सूक्ष्म-प्रमाणपत्र म्हणतात. त्यावर एक चौकोनी कोड असतो. मोबाइलनं तो टिपला की कोण काय शिकला, कधी शिकला, किती गुण पडले हे सगळं उघडतं. काही अभ्यासक्रमांचे श्रेयांकही तुमच्या खात्यावर जमा होतात आणि पुढे एखाद्या मोठ्या शिक्षणात धरले जातात. ज्याची शाळा अर्ध्यात सुटली, जो कामावर आहे, त्याला हवं तेवढंच शिकता यावं म्हणून हे निघालं होतं. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं एवढंच उरलं की प्राध्यापकांना बढतीच्या फायलीत असे कागद लावावे लागतात.

उपप्राचार्य गव्हाणे सर हे तसे सज्जन गृहस्थ. विद्यार्थ्यांवर ओरडायचे नाहीत, सुट्टी मागितली तर द्यायचे. फक्त बसून काही बघणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. व्हिडिओ लावला की पाचव्या मिनिटाला त्यांना कुठली तरी मीटिंग आठवायची. आणि त्या संकेतस्थळाची खोड अशी, की मधे मधे बटण दाबलं नाही तर व्हिडिओ थांबायचा. एक दिवस त्यांनी टेबल पुसणाऱ्या अप्पांना हाक मारली.

"अप्पा, इथं बस. थांबलं की हे दाबायचं. एवढंच."

अप्पांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि बसले. एवढंच म्हणता म्हणता ते पुढची चार वर्षं तिथं बसले.

त्यांची बसायची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. पडद्यावर शिकवणारे गुरुजी आले की अप्पा आधी हात जोडून "शरणार्थ" म्हणायचे. व्हिडिओ संपला की पुन्हा "शरणार्थ", मग बटण. आमचे प्राध्यापक व्हिडिओ दुप्पट वेगानं पळवायचे, म्हणजे गुरुजी चिमणीसारखे बोलायचे आणि तास लवकर सुटायचा. मी अप्पांनाही ती युक्ती दाखवली. त्यांनी कानाला हात लावला.

"गुरूला असं पळवू न्हाई सर. धाप लागल त्यान्ला."

प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी पाच प्रश्न यायचे. पहिल्या दिवशी प्रश्न आले तसे अप्पा धावत गव्हाणे सरांकडे गेले. सर मीटिंगमध्ये होते. "दाब काहीतरी," म्हणाले. अप्पांना काहीतरी दाबणं जमेना. त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला, जुन्या मस्टरच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनानं टिपणं काढली, लाल पेनानं तपासली आणि मग उत्तरं दिली. पाचपैकी पाच आली. ही बातमी कॉलेजात पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या आठवड्यात वाणिज्यवाले आले, मग भूगोलवाले. कोणी म्हणे "फक्त आजच्या दिवस", कोणी म्हणे "मुलीचं लग्न आहे हो अप्पा". अप्पा कोणाला नाही म्हणाले नाहीत.

मलाही म्हणाले नाहीत. ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचं एक प्रमाणपत्र माझ्या फायलीत आहे. ते अप्पांनी मिळवलेलं आहे. हे मी इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी गव्हाणे सरांना हसतोय आणि स्वतः सोवळा आहे असं वाटेल.

या कागदांना अप्पा 'मापटं', म्हणजे धान्य मोजायचं लहान माप, म्हणायचे. का, ते त्यांनी एकदा भुसार बाजारातून येताना सांगितलं.

"पदवी म्हंजी पोतं हाय सर. तोंड शिवलेलं. आत ज्वारी हाय का भुसा हाय, वरून दिसत न्हाई. हे मापटं हाय. तूर हाय तर तूर, हरभरा हाय तर हरभरा. जितकं हाय तितकं डोळ्यानं दिसतंय. अन् मापट्यानंच पायली भरती की."

एवढं चांगलं वर्णन मला गव्हाणे सरांच्या भाषणातही ऐकायला मिळालं नाही, आणि सर त्या विषयावर दोनदा बोलले होते. दोन्ही भाषणांचे मुद्दे अर्थात अप्पांच्या मस्टरमधून गेले होते.

काही अभ्यासक्रमांत पास झालं की संगणकावर एक बिल्ला मिळे, म्हणजे पडद्यावरचं रंगीत चित्र. भूगोलवाल्या सरांना तसा बिल्ला मिळाल्याचं अप्पांनी वाचलं आणि पुढचे पंधरा दिवस ते पोस्टमनला फाटकावर गाठत राहिले. बिल्ला आला की सरांच्या कोटाला लावायला त्यांनी सेफ्टी पिनही आणून ठेवली होती. बिल्ला येत नसतो, तो संगणकातच राहतो, हे मी सांगितलं तेव्हा अप्पा जरा हिरमुसले. "मग लावायचा कुठं?" एवढंच विचारलं. नोकरीच्या अर्जात त्याचा दुवा द्यायचा असतो हे मला फार नंतर कळलं.

पण शिकलेलं अप्पांच्या अंगाला लागायचं, ही मोठी अडचण होती. कारकुनासाठी ताणतणावाचा अभ्यासक्रम केला तेव्हा ते चिडलेल्या प्राचार्यांना "चार आकडे मोजस्तोवर श्वास आत घ्या साहेब" असं सांगून आले, आणि प्राचार्य आणखी चिडले. आणि प्रथमोपचाराची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही.

वार्षिक परीक्षा चालू होती. एक मुलगी पेपर लिहिता लिहिता बाकावरून खाली पडली. वर्गात आणि व्हरांड्यात मिळून प्रथमोपचाराची प्रमाणपत्रं असलेले चार प्राध्यापक होते. एकानं कांदा आणायला सांगितलं. दुसरे स्वतःची चप्पल काढून हुंगवायला पुढे सरसावले. तिसरे उत्तरपत्रिकेनं वारा घालत होते. गव्हाणे सर "गर्दी करू नका" असं गर्दीच्या मधोमध उभे राहून सांगत होते. तेवढ्यात अप्पा पाण्याची कळशी खाली ठेवून आत आले. मुलीला सपाट निजवलं, तिचे पाय दप्तरावर उंच ठेवले, मैत्रिणीला तिच्या गळ्याजवळचं बटण सैल करायला लावलं आणि चपलेवाल्या सरांना म्हणाले, "सर, ते घाला पायात. तुमच्या कोर्समधी तिसऱ्या व्हिडिओत ते चूक म्हनून दाखवलंय."

मुलगी दोन मिनिटांत उठून बसली. संध्याकाळी सूचनाफलकावर गव्हाणे सरांच्या प्रसंगावधानाबद्दल अभिनंदनाचा कागद लागला, कारण प्रमाणपत्र त्यांचं होतं. तो कागद टाचणीनं लावायचं काम अप्पांनीच केलं. वाकडा लागला म्हणून पुन्हा काढून सरळ लावला.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण झरीत एक यंत्र आलं.

झरीच्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती. तिला सरकारी योजनेतून माती तपासायचं यंत्र मिळालं. यंत्र आलं, खोली झाली, फीतही कापली गेली. मग कळलं की यंत्र चालवायला प्रमाणपत्रवाला माणूस लागतो आणि तसा माणूस गावात नाही. यंत्रावर चादर पडली. कंपनीचे अध्यक्ष गणपतराव हे अप्पांचे लहानपणचे सोबती. ते एका शनिवारी फोनवर म्हणाले की मृगाच्या आत माणूस नेमला नाही तर यंत्र उचलून वालूरला देणार आहेत, वालूरवाले टपूनच बसलेत.

मातीपरीक्षणाचा अभ्यासक्रम अप्पांनी तोवर तीनदा केला होता. एकदा गव्हाणे सरांसाठी, एकदा भूगोलासाठी, आणि एकदा अशा मॅडमसाठी ज्यांचा विषय इंग्रजी होता. यंत्र कुठलं, कसं लावायचं, आकडा कसा वाचायचा, सगळं त्यांना पाठ होतं. अप्पांना झरीला जायचं होतं. भाऊ तिथं, दोन एकर तिथं, बायको तिथं. अठरा वर्षांत शनिवार-रविवार तेवढे त्यांचे होते.

"मग द्या की परीक्षा स्वतःच्या नावानं," मी म्हणालो.

अप्पा टेबल पुसू लागले. टेबल स्वच्छ होतं.

"दुसऱ्याच्या नावानं बसताना भ्याव वाटत न्हाई सर. नापास झाले तर सर नापास. आपल्या नावाचा कागद समोर आला की सोडून पळावं वाटतंय बगा. धाव्वीला चारदा बसलो. तीन वर्सं पेपरात नंबर हुडकला, न्हाई निघाला. चवथ्या वर्षी निघाला तर बाप हुडकायला राह्यला नव्हता."

एवढं बोलून ते बादली घेऊन निघून गेले. मी पुन्हा वर्तमानपत्र उघडलं. त्याची आज लाज वाटते.

त्याच महिन्यात कॉलेजात मूल्यांकन समिती आली. समिती येणार म्हणून भिंती रंगल्या, कुंड्या आल्या आणि प्राध्यापकांच्या फायली टेबलावर ओळीनं मांडल्या गेल्या. समितीत दूरच्या एका विद्यापीठातल्या मॅडम होत्या, पांढऱ्या केसांच्या, मितभाषी. त्यांनी गव्हाणे सरांची फाइल उघडली. मातीपरीक्षणाचं प्रमाणपत्र वरच होतं, चौऱ्याऐंशी टक्के. आमच्या झेरॉक्सवर त्यातला फोटो काळाकुट्ट उमटला होता. तो गव्हाणे सरांचा म्हणून खपला असता आणि कोणाचाही म्हणून खपला असता. पण मॅडमनी मोबाइल काढला आणि तो चौकोनी कोड टिपला.

त्याचं झालं होतं असं. परीक्षेच्या आधी संगणकानं सांगितलं, चेहरा चौकटीत आणा. गव्हाणे सर मीटिंगला. यंत्रानं सांगितलं तसं करायचं एवढंच अप्पांना ठाऊक. त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि चेहरा चौकटीत आणला. मी दोन टेबलं सोडून बसलो होतो. मला हे दिसलं नाही असं मी तेव्हा ठरवलं होतं.

मॅडमच्या मोबाइलवर रंगीत फोटो उघडला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशाला दोन पेनं, खाली नाव गव्हाणे सरांचं. नेमका त्याच वेळी तो फोटो चहाचा ट्रे घेऊन आत आला.

मॅडमनी मोबाइलकडे पाहिलं. मग अप्पांकडे. मग गव्हाणे सरांकडे. सरांना घाम फुटला.

"तांत्रिक चूक दिसतेय," सर म्हणाले.

अप्पांना राहवलं नाही. सरांना सांभाळून घ्यावं या एकाच हेतूनं ते पुढे झाले. "चूक न्हाई मॅडम. सर त्या दिवशी मीटिंगला गेलते. यंत्रासमोर जे तोंड व्हतं ते त्यानं घेतलं."

प्राचार्यांनी डोळे मिटले. बहुधा चार आकडे मोजत असावेत.

मॅडमनी चहाचा कप घेतला, खाली ठेवला. "मातीचा सामू, पीएच म्हणतात तो, म्हणजे काय, सांगता येईल?"

त्या कोणाला विचारतायत हे कळेना. गव्हाणे सर खिडकीबाहेर बघू लागले, तेव्हा अप्पांनी ट्रे काखेत धरला.

"सात म्हंजी मधोमध मॅडम. खाली आली की आंबट, वर गेली की खारी. आपली काळी जमीन आठाच्या आसपास जाती. पण ते नंतर. आधी नमुना कसा घेतला ते विचारा. लोक बांधाजवळची माती आणतेत, झाडाखालची आणतेत, उकिरड्याजवळची आणतेत. मग यंत्र बिचारं काय करन? आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा घ्यावा, माती कालवावी, चार वाटे करावे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावे. अर्धा किलो राहीस्तोवर हेच करावं. माती खरी बोलती मॅडम, विचारणाऱ्यानं नीट विचारलं पाह्यजे."

मॅडमनी विचारलं, "तुमच्या स्वतःच्या नावावर किती प्रमाणपत्रं आहेत?"

"एकबी न्हाई."

अप्पा हे नेहमीच्या आवाजात बोलले, चहात साखर आहे का सांगावं तसं. पण मॅडमचा चेहरा उतरला आणि आम्ही सगळे आपापल्या पायांकडे बघू लागलो.

समितीनं अहवालात काय लिहिलं ते मला माहीत नाही. गव्हाणे सरांची फाइल पातळ झाली, एवढं दिसलं. जाताना मॅडम ग्रंथालयात आल्या. अप्पांना समोर बसवलं. अप्पा खुर्चीच्या टोकावर बसले. मॅडम म्हणाल्या, "असे कागद खूप मिळतात. सगळे सारखे नसतात. नाव नोंदवण्याआधी तीन गोष्टी बघा. देणारा कोण आहे. परीक्षा कशी घेतात, घरी की केंद्रावर ओळख तपासून. आणि जिथं तुम्हाला तो दाखवायचा आहे, तिथं तो चालतो का. हे तिसरं सगळ्यांत आधी विचारा."

अप्पांनी लिहून घेतलं. लगेच गणपतरावांना फोन लावून तिसरं विचारलं. केंद्रावर परीक्षा दिलेलं प्रमाणपत्र चालतं, घरबसल्याचं नाही, असं उत्तर आलं. म्हणजे आधीची तिन्ही मापटी अप्पांच्या नावावर असती तरी उपयोगाची नव्हती. परीक्षेचं केंद्र परभणीला होतं. नावनोंदणीचा शेवटचा दिवस परवा होता. मी संगणक चालू केला, नावाच्या रकान्यापाशी थांबलो आणि अप्पांना म्हणालो, "लिहा." त्यांनी एका बोटानं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर घाम पुसला.

गव्हाणे सर आठ दिवस अप्पांशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी ग्रंथालयात आले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अप्पा, ते जलसंधारणाचं नवीन एक आलंय."

"बसतो की सर," अप्पा म्हणाले, "पण येत्या महिन्यात न्हाई. माझा अभ्यास चालूय."

'माझा अभ्यास' हे शब्द मी अप्पांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकले. सर परत गेले.

परीक्षेच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर परभणीला गेलो. एकटे सोडले तर अप्पा केंद्राऐवजी झरीच्या गाडीत बसतील अशी मला शंका होती. वाटेत पेडगाव गेल्यावर म्हणाले, "परीक्षा रद्दबी व्हत असल कधी कधी." मी म्हणालो, नाही होत.

केंद्राच्या दारात रांग होती. घड्याळ, पट्टा, ताईत, सगळं काढून ठेवायचं. अप्पांची पाळी आली. रखवालदारानं गळ्यातला दोरा पाहिला.

"हे काढा."

"हे निघत न्हाई," अप्पा म्हणाले. "लिंग हाय. अंगावेगळं करत न्हाई आमी."

"नियम आहे काका. गळ्यात काही चालत नाही."

अप्पा तत्काळ वळले. "चला सर, जाऊ वापस. धर्मापुढं काय इलाज हाय?"

ते असे वळले की मला त्यांचा चेहरा नीट दिसला. त्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. अठरा वर्षांत इतका सुटल्याचा आनंद मी त्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता, सुट्टी जाहीर झाल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर असतो तसा. आता ते गावात सांगू शकले असते की मी गेलतो, मलाच आत घेतलं नाही. कोणी हसलं नसतं. यंत्र वालूरला गेलं असतं आणि दोष नियमाला लागला असता.

मी त्यांची वाट अडवली आणि रखवालदाराशी वाद घालायला तोंड उघडलं. पण त्याची गरज पडली नाही. आतून पर्यवेक्षक बाई आल्या. त्यांनी काय झालं ते विचारलं, दोऱ्याकडे पाहिलं आणि रखवालदाराला म्हणाल्या, "असू दे. लिंगायत आहेत, ते काढत नसतात. वरून यंत्र फिरव आणि सोड." यंत्र फिरवलं. ते वाजलं नाही. बाईंनी वहीत एक ओळ लिहिली, अप्पांचं ओळखपत्र पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "मन्मथ सांबप्पा हालगे. या आत."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच फितुरी केली. मग गेले.

निकाल महिन्यानं लागला. मी संगणकावर उघडला. अप्पा माझ्यामागे उभे होते, हातात फडकं.

"एकसष्ट," मी म्हणालो. "पास."

"नीट बगा. नाव कोणाचं हाय?"

मी नाव वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, मोबाइलनं ते चौकोनी टिपा. मी टिपलं. तोच चेहरा उघडला, तेच तीन पट्टे, आणि खाली त्याच माणसाचं नाव. अप्पा मोबाइल हातात घेऊन खुर्चीवर बसले. शिपाई ग्रंथालयातल्या खुर्चीवर टेकून बसत नाही. अप्पा त्या दिवशी टेकून बसले. मग म्हणाले.

"सायबाला चौऱ्याऐंशी पाडले अन् सोताला एकसष्ट. परक्याचं रान बरं नांगरलं आपण."

आवाज हसरा होता. डोळे मात्र त्यांनी फडक्यानं पुसले, त्याच फडक्यानं, आणि मग चेहऱ्यावर धूळ लागली म्हणून आम्ही दोघंही हसलो. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की माझ्या स्वतःच्या नेमणुकीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मृगाच्या आधीच अप्पा झरीला गेले. त्यांच्या जागी आमच्याकडे कोणी आलं नाही. टेबलं आता आम्हीच पुसतो, आणि प्राध्यापकांची प्रमाणपत्रं येण्याचा वेग एकदम मंदावला.

अप्पा गेल्यावर मला एक खूळ लागलं. माझ्या फायलीतला तो कागद मी काढून टाकला आणि डिजिटल ग्रंथसेवेचा एक अभ्यासक्रम स्वतःच्या नावानं, स्वतःच्या चेहऱ्यानं केला. गुरुजींना पळवलं नाही. टिपणं काढली. लाल पेनही विकत आणलं. परीक्षा दिली आणि चार गुणांनी नापास झालो.

त्यानंतर एकदा झरीला गेलो. निमित्त म्हणून माझ्या शेताच्या तुकड्यातली माती पिशवीत घेतली होती. खोलीबाहेर पंधरा-वीस माणसं पिशव्या घेऊन बसलेली. आत अप्पा, अंगात पांढरा कोट, मुंडासं बांधलेल्या एका म्हाताऱ्याशी हुज्जत घालत होते.

"बांधावरची माती हाय ही मामा. गवताच्या मुळ्या निघायल्यात. वापस न्या."

"आरं, पोतंभर खत टाकलंय औंदा. जरा बरा आकडा लिव्ह की."

"लिव्हला अस्ता. पण खाली दस्तखत मला करावं लागतंय," अप्पा म्हणाले आणि पिशवी त्याच्या हातात परत दिली.

मग मला बघून उठले. स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, चहा सांगितला. आता चहा दुसरा माणूस आणत होता. मी माती दिली. कशी घेतली ते त्यांनी तीनदा विचारलं. कॉलेजातलं सगळं विचारलं, गव्हाणे सरांच्या तब्येतीची चौकशी केली. शेवटी मी माझ्या परीक्षेचं सांगून टाकलं.

अप्पा खरोखर हळहळले. "चार मार्कांनी? अन् मला सांगितलं न्हाई? मला सांगायचं ना सर, बसलो असतो की मी!"

सवयीनं बोलून गेले आणि स्वतःच चपापले. फडकं घेऊन यंत्र पुसलं. मग जरा ओशाळून माझ्याकडे वळले.

"पण न्हाई सर. आता न्हाई जमणार. आता हे तोंड माझ्या नावावर लागलंय."

आणि त्यांनी दाराकडे बघून पुढच्या माणसाला आत बोलावलं.